आबांना सांगितलं, केस घोड्याचे आहेत

पत्राचा सारांश: साताऱ्याचे एक वाचक. वय चौतीस, एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी, रोज दाढी करावी लागते. स्प्रेचा फेस वापरून गळ्यावर पुरळ यायचं, म्हणून व्हिडिओ बघून नैसर्गिक केसांचा इटालियन ब्रश साडेआठशे रुपयांना मागवला. दहा-बारा दिवस झाले. ओला झाला की गोठ्यासारखा वास मारतो, केस गळतात, गालाला टोचतो आणि निम्मी दाढी होईपर्यंत फेस गायब होतो. घर नव्या कॉलनीत आहे, वापरायला बोअरचं पाणी. पत्नी म्हणते, टाकून द्या. त्यात डब्यावरची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं की केस डुकराचे आहेत. घरात वडील आहेत. आबा माळकरी, दरवर्षी पायी वारी करणारे. बाथरूम एक, मगही एक. आबांनी विचारलं, "कशाचे केस रे हे?" आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "घोड्याचे." आता विचारतात: माल खराब निघाला का? साडेतीन हजारांचा, बॅजर नावाच्या रानटी प्राण्याच्या केसांचा ब्रश घेतला तर टोचण्याचा आणि आबांचा, दोन्ही प्रश्न सुटतील का? की आहे तोच गुपचूप वापरू? डेटॉलमध्ये भिजवला तर चालेल का? आणि पुढच्या महिन्यात तीन आठवडे चाकणला ट्रेनिंग आहे, तिकडे ब्रश न्यावा का?

उत्तर:

तुमच्या पत्रात ब्रशच्या तक्रारी पानभर आहेत आणि आबांविषयी जेमतेम दोन ओळी. पण पत्र लिहायला बसवलं ते त्या दोन ओळींनीच, असं मला वाटतं. तिथे येऊच. आधी ब्रशचं बघू, कारण ते सोपं आहे.

माल खराब नाही. तुम्ही ज्याला दोष म्हणता त्या चारही गोष्टी डुकराच्या केसांच्या नव्या ब्रशमध्ये असतातच. हे केस मुळात राठ आणि जाड. नवा ब्रश कोरडा असताना गालावर फिरवला तर भिंत रंगवायच्या ब्रशची आठवण यावी असा. पण त्या केसांना दोन खोडी आहेत आणि सगळी गंमत तिथेच आहे. एक, ते पाणी पितात. भिजले की मऊ पडतात, वाळले की पुन्हा ताठ. दोन, वापरता वापरता त्यांची टोकं उभी चिरत जातात. एका जाड टोकाची दोन, तीन, कधी त्याहून जास्त बारीक टोकं होतात. बुंधा ताठच राहतो, शेंडा मऊ होतो. म्हणून मुरलेला ब्रश दाढीचे केस उचलून धरण्याइतका कडक असतो, तरी कातडीला बोचत नाही. कारखान्यातून निघतो तो अर्धवट ब्रश. उरलेलं काम पाणी, साबण आणि तुमचा हात यांनी करायचं असतं. विकणाऱ्यानं ते डब्यावर ठळक लिहायला हवं होतं, एवढी तक्रार मात्र रास्त आहे.

हा बॅजर परवडत नाही म्हणून घ्यायचा गरिबाचा ब्रश, असंही समजू नका. इटलीतली ओमेगा 1931 पासून आणि पोर्तुगालमधली सेमोग 1935 पासून ब्रश बनवतात, आणि दोन्हींचं नाव झालं ते मुख्यतः डुकराच्या केसांच्या ब्रशांवरच.

आता एकेक तक्रार.

वास. ओल्या जनावराचा वास आहे तो, सडका नाही. कोमट पाण्यात शाम्पूचे किंवा भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून ब्रश तळहातावर गोल फिरवा, धुवा, पुन्हा एकदा करा. मग दाढीच्या क्रीमचा दाट फेस करून तो ब्रशमध्ये तसाच तीन-चार तास राहू द्या आणि नंतर धुवून टाका. दोन-तीन वेळा केलंत की वास बराचसा जातो, उरलेला वापरात जातो. महिन्याभरानंतरही वास येत असेल आणि तो कुबट असेल, तर तो जनावराचा नाही. ब्रश नीट वाळत नाही, असा त्याचा अर्थ.

गळणं. नवा झाडू आणला की पहिले काही दिवस त्याचा भुसा घरभर पडतो, म्हणून कोणी झाडू दुकानात परत नेत नाही. झुपक्यात गोंदापर्यंत न पोचलेले, सुटे राहिलेले केस असतात. ते पहिल्या काही दाढ्यांत निघून जातात. एकेक, दोन-दोन केस येत असतील तर दुर्लक्ष करा. पुंजकाच्या पुंजका हातात आला, किंवा महिना उलटल्यावरही रोज केस गळत असतील, तर गोंद कच्चा आहे. मग विकणाऱ्याकडे तक्रार करा, फोटो काढून.

टोचणं. यात निम्मा भाग ब्रशचा आहे आणि निम्मा बहुतेक तुमच्या हाताचा असावा. व्हिडिओत माणसं ब्रश गालावर दाबून गरागरा फिरवतात. मुरलेल्या ब्रशला ते चालतं. नव्या ब्रशनं तसं केलं की कातडी सोलल्यासारखी होते आणि केस मधेच मोडतात तो तोटा वेगळा. पहिले दोन-तीन आठवडे फेस वाटीत किंवा तळहातावर करा आणि चेहऱ्यावर नुसता लावा, रंग देतात तसा, खाली-वर. गळ्यावर तर हात अगदी हलका ठेवा.

गळ्यावरच्या पुरळाविषयी एक सांगतो. स्प्रे सोडून ब्रश धरला की पुरळ आपोआप जाईल असं तुम्ही धरून चालला आहात. जाईलही, कारण ब्रशनं केस नीट भिजतात आणि पातं ओढावं लागत नाही. पण गळ्यावरचं पुरळ बऱ्याचदा पात्यामुळे येतं: बोथट पातं, जास्त दाब, केसांच्या उलट दिशेनं ओढणं. गळ्यावर केस कुठल्या बाजूला वाढतात ते एकदा बोटानं चाचपून बघा. पुष्कळांचे तिथे आडवे किंवा भोवऱ्यासारखे असतात. हे सगळं सुधारूनही पुरळ राहिलं तर ब्रश बदलत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि चौथा, फेस. इथे मला ब्रशपेक्षा तुमच्या कॉलनीचा संशय आहे.

साताऱ्याच्या माणसाला कासच्या पाण्याचं कौतुक मी सांगलीत बसून काय सांगणार! पण तुम्ही वापरता ते कासचं नाही, बोअरचं. आपल्याकडच्या काळ्या दगडातून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. ते साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट पांढरा साका करतात. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी दिसतो त्याचाच हा भाऊ. जेवढा साबण साक्यात गेला तेवढा फेसातून वजा. दाढीचं क्रीमही मुळात साबणच, त्यामुळे त्याचीही सुटका नाही. सांगलीतही नदीच्या पाण्याचा नळ असलेली घरं आणि बोअरवाली घरं यांच्या फेसात फरक पडतो.

तपासणं सोपं आहे. एक दिवस पिण्याच्या आरओ फिल्टरचं (साधा फिल्टर नको, त्यानं हे क्षार जात नाहीत) वाटीभर पाणी घ्या, त्यातच ब्रश भिजवा आणि त्याच पाण्यानं फेस करा. फेस टिकला तर दोष पाण्याचा. मग दाढीपुरतं वाटीभर पाणी वेगळं घ्यायची सवय लावा, एवढ्यानं भागतं. तरीही फेस बसला तर कारण दुसरं आहे: नवा ब्रश स्वतःच फेस पितो. कोरडे केस पाणी ओढतात, फेसातलं पाणी गेलं की फेस मरतो. ब्रश भिजवण्याविषयी तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही. नळाखाली धरून लगेच वापरत असाल तर या केसांना ते पुरत नाही. दाढीच्या आधी चार-पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, तोवर तोंड धुवा, पातं बघा. पाणी केसांपुरतंच हवं, मुठीपर्यंत नको. मग दोन-तीन झटके देऊन जास्तीचं पाणी काढा. क्रीम नेहमीपेक्षा थोडं जास्त घ्या, बोटाच्या पेराएवढं. वडीचा साबण असेल तर त्यावर ब्रश अर्धा मिनिट तरी फिरवा. बहुतेक लोक पाच सेकंदांत उचलतात आणि मग फेस नाही म्हणतात.

मुरायला किती दिवस लागतात? रोज दाढी करणाऱ्याला तीन-चार आठवड्यांत फरक जाणवायला लागतो, आणि खरा मऊपणा दोन-तीन महिन्यांनी येतो. तुम्ही दहाव्या-बाराव्या दिवशी निकाल लावताय. घाई असेल तर एकच उपाय आहे: संध्याकाळी टीव्ही बघताना तळहातावर फेस करा, चेहऱ्याला न लावता धुवून टाका. पण मधे ब्रश पूर्ण वाळू द्या. भिजणं आणि वाळणं, भिजणं आणि वाळणं, यातूनच टोकं चिरतात. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलेला ब्रश लवकर मुरत नाही, त्याचा गोंद मात्र लवकर सुटतो आणि मूठ लाकडाची असेल तर फुगून तडकते.

काही गोष्टी मात्र करू नका. उकळतं पाणी नको, त्यानं केस ठिसूळ होतात आणि गोंदही जातो. बोटाला सोसवेल इतकंच गरम पाणी पुरे. काही जण टोकं मऊ व्हावीत म्हणून ब्रश पॉलिश पेपरवर घासतात, नका घासू. आणि एखादा केस झुपक्याबाहेर लांब आलेला दिसला म्हणून कात्रीनं ब्रशचा शेंडा सारखा करायला जाऊ नका. या केसांचा सगळा मोल त्यांच्या शेंड्यात. तो छाटला की खाली उरतो बोथट खुंट आणि तो कधीच मऊ होत नाही. बाहेर आलेला एकटा केस चिमटीत धरून ओढा, सुटा असेल तर येईल, नसेल तर राहू द्या.

दाढी झाली की ब्रश स्वच्छ पाण्यात धुवा, मुठीत हलकेच पिळा, झटका, टॉवेलवर दोनदा फिरवा आणि उघड्यावर ठेवा. उलटा टांगायचं स्टँड विकत घ्यायची गरज नाही, उभा ठेवला तरी वाळतो. वारं लागलं पाहिजे, एवढंच. कपाटात किंवा झाकणाच्या डब्यात ओला ठेवू नका. साताऱ्याच्या पावसाळ्यात तर बाथरूममध्ये काहीच वाळत नाही, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये तो खिडकीत किंवा पंख्याखाली ठेवा. बोअरच्या पाण्यामुळे दोन-तीन महिन्यांनी केसांच्या बुडाशी पांढरट थर दिसेल. वाटीभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवा आणि भरपूर पाण्यानं धुवा.

डेटॉल नको. त्यानं केस रखरखीत होतात आणि उरलेला अंश ताज्या दाढीच्या कातडीला झोंबतो. पण तुमची शंका मुळात अडाणी नाही, तिला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरही काही वर्षं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दाढीच्या ब्रशमधून अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. चांगले केस मिळेनात, तेव्हा आशियातून आलेले केस बॅजरसारखे रंगवून ब्रश बनवले गेले, आणि ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. केस कशाचे होते म्हणाल, तर घोड्याचे. आबांना सांगायला तुम्ही नेमका तोच प्राणी निवडलात! आज नावाजलेले उत्पादक केस धुवून निर्जंतुक करूनच वापरतात. तुम्ही एवढंच पाळा: जुन्या बाजारातला वापरलेला किंवा नाव-गाव नसलेला ब्रश घ्यायचा नाही आणि आपला ब्रश दुसऱ्याला द्यायचा नाही. भावालाही नाही. दाढी करताना बारीक कापतं, रक्त येतं, आणि गजकर्णासारखी लागण तर ब्रशमधून सहज जाते.

आता बॅजर.

तुम्ही धरून चालला आहात की महाग म्हणजे मऊ, मऊ म्हणजे चांगला, आणि डुक्कर नाही म्हणजे आबांना चालेल. यातलं पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे. बॅजरचे केस शेंड्याला निमुळते असतात, पहिल्या दिवसापासून मऊ लागतात, पाणी स्वतः न पिता केसांच्या मधे धरून ठेवतात, त्यामुळे पाच मिनिटं भिजवायचीही गरज नसते. पण 'प्युअर', 'बेस्ट', 'सुपर', 'सिल्व्हरटिप' या ज्या पायऱ्या डब्यावर लिहितात त्यांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एक असं माप नाही. एकाचा 'बेस्ट' दुसऱ्याच्या 'प्युअर'पेक्षा राठ निघू शकतो, आणि साडेतीन हजार मोजूनही टोचणारा ब्रश घरी येऊ शकतो. मऊ म्हणजे चांगला, हेही सगळ्यांना लागू नाही. ज्यांची दाढी खरखरीत आणि दाट आहे असे पुष्कळ जण बॅजर सोडून डुकराच्या केसांकडे परत येतात, कारण बॅजर त्यांना फार लुळा वाटतो.

तिसरं गृहीतक मात्र पार कोसळतं. बॅजर हा बिळात राहणारा रानटी प्राणी. त्याच्या केसांचा व्यापार मुख्यतः चीनमधून चालतो, आणि हे केस मेंढीच्या लोकरीसारखे कातरून घेत नाहीत. ते मारलेल्या बॅजरचे असतात. डुकराचे केस निदान मांसाच्या धंद्यातून उरलेले असतात. माळकरी माणसापुढे तुम्ही पहिल्याऐवजी दुसरा ब्रश ठेवणार आणि प्रश्न मिटला म्हणणार? 'नैसर्गिक' हे लेबल वाचून आपण आपोआप 'शुद्ध' समजतो. ब्रशच्या बाबतीत तरी तसं समजू नका.

यावरून एक ओघानं. कोणी 'मुंगसाच्या केसांचा' म्हणून कसलाही ब्रश दाखवला, दाढीचा असो की चित्रकलेचा, तर हात लावू नका. मुंगसाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे.

तर आबा. तुम्ही लिहिता, "आबांना कळणार तर नाहीच." कळेल. डबा घरात आहे, तुमच्या पत्नीला माहीत आहे, आणि घरातल्या अशा गोष्टी भांडणात किंवा थट्टेत कधीतरी बाहेर येतात. पण कळेल म्हणून सांगा, असं माझं म्हणणं नाही. मला खटकलं ते वेगळंच. आबांचा आक्षेप काय आहे, हे तुम्हाला अजून माहीतच नाही. त्यांनी फक्त विचारलं, कशाचे केस. उत्तराची भीती तुम्हाला वाटली आणि त्यांचा नकार तुम्हीच त्यांच्या वतीनं ठरवून टाकला.

तो नकार तीन तऱ्हांचा असू शकतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. त्यांना डुक्करच नको असेल तर घोड्याच्या केसांचा ब्रश खरोखरच मिळतो. शेपटीचे आणि आयाळीचे केस, जे जनावर न मारता कापता येतात. डुकरापेक्षा मऊ, बॅजरपेक्षा थोडा दांडगा, आणि मुरायला वेळही कमी लागतो. मग तुम्ही जे सांगितलंत ते खरं करून दाखवता येईल, पण आधीचं खोटं होतं हे सांगून. त्यांना कुठल्याच जनावराचे केस नको असतील तर नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचा घ्या. आणि कदाचित त्यांना केसांचं काहीच नसेल, फक्त आपल्या आंघोळीच्या मगात तो ब्रश बुडलेला नको असेल. मला तर हीच शक्यता जास्त वाटते. मग एक स्टीलची वाटी घेतली की संपलं. खरं तर ती वाटी आजच घ्या, आबा काहीही म्हणोत. एका मगात दाढीचा ब्रश आणि घरच्या सगळ्यांची आंघोळ, यात सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न नसला तरी ते बरं नाही.

सांगायचं कसं? लांबण लावू नका. त्यांचा हरिपाठ, चहा होऊ द्या, आणि म्हणा, "आबा, त्या दिवशी घोड्याचे म्हणालो, ते डुकराचे आहेत. तुम्हाला आवडणार नाही म्हणून तसं बोललो. तुमची काय इच्छा आहे?" एवढंच. सोबत वकिली नको. "भिंत रंगवायच्या ब्रशलाही हेच केस असतात, आपलं घर त्यानंच रंगवलंय" हे खरं असेल, पण ते म्हणून दाखवण्यात फक्त जिंकल्याचं समाधान आहे. आबांच्या स्वतःच्या जुन्या ब्रशचा केस उपटून जाळून बघायचा मोहही टाळा. (चाचणी खरी आहे. जनावराचा केस जळताना केस जळल्याचाच वास येतो आणि त्याची राख चुरगळते, नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. दुकानदार काहीही सांगत असेल तर आपल्या ब्रशच्या गळलेल्या केसावर जरूर करून बघा.)

आणि ते म्हणाले, "घरात नको"? तर माझं मत स्पष्ट आहे, ब्रश जाऊ द्या. चेहरा तुमचा असला तरी बाथरूम दोघांचं आहे, आणि साडेआठशे रुपयांच्या वस्तूवरून माळेच्या माणसाशी वाद घालण्यात मला शहाणपण दिसत नाही. कृत्रिम धाग्याचा ब्रश घ्या. पूर्वीचे चिवट प्लॅस्टिकचे झुपके आठवून नाक मुरडू नका. आताचे धागे शेंड्याला बारीक केलेले असतात, पहिल्या दिवसापासून मऊ, वास नाही, भिजवणं नाही, साबण कमी लागतो आणि दुपारपर्यंत वाळतो. खरं सांगायचं तर आठवड्यातून दोनदा दाढी करणाऱ्याला मी डुकराच्या केसांचा ब्रश सुचवतच नाही, त्याचा तो मुरणार कधी? तुम्ही रोज करता, म्हणून तुमच्या बाबतीत आबांची हरकत नसेल तर आहे तोच चालू ठेवा, असं म्हणतो. महिनाभर नेटानं वापरा. बॅजरचे साडेतीन हजार खिशातच राहू द्या.

पत्नी टाकून द्या म्हणतात, त्यांचा राग बहुतेक वासावर आणि बेसिनमधल्या केसांवर असावा. बेसिन तुम्ही स्वतः धुवायला लागलात तर त्यांचा अर्धा विरोध मावळेल, असा माझा अंदाज आहे.

तुमच्यासारखेच प्रश्न आणखी काही जणांनी विचारलेत, त्यांच्यासाठी थोडं. ऑनलाइन घेताना डब्यावर नुसतं 'प्युअर ब्रिसल' लिहिलं असेल तर केस डुकराचे समजा. त्यांना काळे पट्टे दिसले म्हणून बॅजरचे समजू नका, पट्टे रंगवताही येतात. झुपक्याचा बुंधा 22 ते 24 मिलिमीटर असला की बहुतेक चेहऱ्यांना पुरतो. 28-30 चे जाडजूड ब्रश दिसायला रुबाबदार, पण नाकाखाली गेले की मिशी, ओठ आणि नाकपुड्या एकदमच फेसानं भरतात. दुकानात हाताळायला मिळाला तर झुपका मधोमध बोटानं थोडा फाकवून बघा, आत पोकळी नको. मूठ ओल्या, साबणाच्या हातात निसटणार नाही अशी हवी. साताऱ्यात मोती चौकाच्या बाजूला किंवा आमच्याकडे मारुती रोडला विचारून बघा, पण साध्या दुकानांत बहुतेक नायलॉनचेच मिळतील, आणि ज्यांना घरात वाद नकोत त्यांनी तेवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही.

राहिलं चाकण. ब्रश नेऊ नका, असं मी म्हणणार होतो, पण तुमचं ट्रेनिंग तीन आठवड्यांचं आहे. मुरण्याच्या ऐन काळात एवढा खंड पडला तर नुकसान काही नाही, फक्त काम लांबेल. हॉस्टेलवर स्वतःची खोली असेल तर जरूर न्या. तिथे ना आबांचा मग, ना बेसिनवरून बोलणी. जाताना आदल्या दिवशीची दाढी शेवटची धरा म्हणजे ब्रश वाळून बॅगेत जाईल. ओलाच न्यायची वेळ आली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, सुती रुमालात गुंडाळा आणि पोचल्याबरोबर बाहेर काढा. आणि जाण्याआधी आबांशी बोलणं उरकून घ्या. तुम्ही चाकणला असताना तो डबा त्यांच्या हाती लागला, तर खुलासा करायची वेळ तुमच्या पत्नीवर येईल.